संध्याकाळी येईल

१

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी फळा बदलते. मग चहा, मग आईची वेणी, मग ऑफिस. गेल्या सात महिन्यांत हा क्रम चुकलेला नाही आणि कुणी मध्ये आलं तर मी खेकसते.

फळा म्हणजे खडूचा नव्हे. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. दुकानांत मालाखाली लावायच्या किमतीच्या पट्ट्या आम्ही बनवतो, कागदासारख्या दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पडद्याच्या. त्या पडद्यांवर अक्षरं आणि चित्रं उमटवायचा प्रोग्राम मी लिहिते, नऊ वर्षं झाली. या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. आत काळे-पांढरे बारीक कण असतात. वीज दिली की काही वर येतात, काही खाली जातात, आणि वीज काढून घेतली तरी जिथल्या तिथे बसून राहतात. आज लिहिलेलं महिन्याने बघा, तसंच असतं. त्यातला कॅलेंडरएवढा एक पडदा, कोपऱ्यात रेघ गेली म्हणून बाद झालेला, मी घरी आणला आणि दाराशेजारच्या भिंतीवर लावला. आईसाठी.

माझी आई सुभद्रा, वय चौऱ्याहत्तर. गेल्या पावसाळ्यात मोरीत पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून ती खिडकीखालच्या खाटेवर असते. विसरायला त्याआधीच लागली होती. आज वार कुठला, मी कुठे गेले, जेवण झालं का, दर अर्ध्या तासाला विचारायची. फळा लावल्यापासून विचारत नाही, वाचते. त्यावर चार ओळी असतात.

आज सोमवार आहे.
माया ऑफिसला गेली आहे. पावणेसातला येईल.
राधा एक वाजता जेवण देईल.
भूषण कामावर गेला आहे. संध्याकाळी येईल.

वरच्या तीन ओळी खऱ्या आहेत. चौथी खोटी आहे.

बुद्धभूषण माझा धाकटा भाऊ. आमच्या दोघांचीही लग्नं राहिली ती राहिलीच. एका खोलीत संसार तरी किती मावणार? सहा ऑगस्टला तो कॉटन ग्रीनच्या गोदामात कामावर असताना छातीत कळ येऊन गेला. अडतीस वर्षांचा होता. आई तेव्हा हॉस्पिटलात होती, मी तिच्यापाशी, घराला कुलूप. त्याला घरी आणायला कुणी नव्हतं, म्हणून परस्पर स्मशानात नेला. संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती अशी ओरडली की पलीकडच्या वॉर्डातल्या नर्स धावत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, “भूषण डबा घेऊन आला नाय का गो अजून?” पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आक्रोश, नवाकोरा. तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. त्या दिवशी मी ठरवलं की आता बस. एका बाईचा एकच मुलगा किती वेळा मारायचा?

मग गेलेल्याच्या नावाने करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम लांब नायगावच्या विहारात केला. फोटो भिंतीवर लावला नाही. मजल्यावरच्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं, आमच्या खोलीत हा विषय नको. चाळीतल्या माणसांच्या पोटात एरवी काही राहत नाही, पण हे राहिलं. भूषण गेला, हे आमच्या घरात आजवर कुणी बोललेलं नव्हतं.

२

हा पडदा नीट पुसायचा तर तो चार-पाचदा काळा-पांढरा असा फडफडतो आणि मग स्वच्छ होतो. पहिल्या दिवशी आईने ते पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. “डोळे मिचकावतोय गो तो,” म्हणाली. म्हणून मी ते बंदच केलं. जेवढं बदलायचं तेवढंच बदलायचं, सोमवारचा मंगळवार, बाकी सगळं तसंच. आमच्या कामात याला आळस म्हणतात. असं केलं की पुसलेल्या अक्षरांची पुसट सावली मागे राहते आणि हळूहळू पडदा मळका होतो. ऑफिसातल्या नव्या मुलांना यावरून मी फैलावर घेते. घरी मात्र सात महिने मीच ते केलं.

चौथी ओळ कधी बदलावी लागली नाही. ऑगस्टमध्ये एकदा उमटवली, ती उमटवली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा संध्याकाळी घरी आले आणि दिवा लावला, तेव्हा त्या ओळीखाली मला एक डाग दिसला. पडद्याच्या आत नाही, वरच्या प्लास्टिकवर. तेलकट बोट ओढल्याचा. ‘भूषण’पासून ‘येईल’पर्यंत गेलेला, आणि प्रत्येक शब्दाखाली जरा जाड. बोट तिथे थांबलं असावं.

भूषण असं वाचायचा. शाळेत दोनदा नापास झाला, तेव्हा त्याला मी वाचायला शिकवलं, हातात पट्टी घेऊन. ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय त्याला अक्षर लागायचं नाही आणि जोडाक्षर आलं की गाडी अडायची. मोठा झाला तरी पेपर तसाच वाचायचा. मी म्हणायची, “अक्षरं काय पळून जाणारेत का रे?” आणि तो हसून बोट काढून घ्यायचा. मग ओळ चुकायचा.

मी फडकं घेतलं आणि डाग पुसला. राधामावशीचा हात लागला असेल, झालं. आमचे बाबा, भिवा, हयातभर विहारात सांगत राहिले की आत्मा नाही, परलोक नाही, आणि कुणाला भूत दिसलं तर त्याला घरी घेऊन या, मी चहा पाजतो. त्यांच्या मुलीने असल्या गोष्टींत डोकं घालायचं म्हणजे त्यांचं नाव घालवायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाग पुन्हा होता.

३

राधामावशी समोरच्या खोलीत राहते. आमच्या चाळीत मधोमध लांब अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. निम्म्या खोल्या आता रिकाम्या आहेत, चाळ पाडायची आहे म्हणून. पण उरलेल्यांची दारं दिवसभर उघडी असतात. दुपारी जेवण देणं आणि अधूनमधून आईकडे नजर टाकणं एवढं मावशी करते.

मी तिला विचारलं, “मावशी, तू फळ्याला हात लावतेस का गं?”

“मी कशाला लावू? मला शॉक बसेल म्हणून मी लांबनंच जाते.” मग तिने आवाज खाली आणला. “माया, राग येणार नसेल तर एक बोलू? संध्याकाळचं ऊन आत आलं की सुभद्रा बोलत बसते. सहा ते साडेसहा.”

“एकटीच बोलते मावशी ती. डॉक्टर म्हणालेत, असं होतं.”

“ते ठाव आहे गं मला. माझी सासूपण बोलायची. पण ती समोर बघून बोलायची, कुणाशीपण. ही तसं नाय करत. आधी गप्प राहते. बराच वेळ. मग पाय आखडून घेते, खाटेवर जागा करते, आणि मग हळू बोलते. परवा मी विचारलं, सुभद्रा, काय हवंय? तर मला म्हणाली, हळू, वाचतोय तो.”

मी हसले. काहीतरी करायचं म्हणून हसले. मावशी नाही हसली.

घरी आले तर आई जागी होती. तिचे पाय अजून आखडलेलेच होते आणि खाटेच्या पायाकडच्या कडेला, जिथे ती कधी पोचू शकत नाही तिथे, चादर दबलेली होती. मी ती ओढून सरळ केली. तेवढ्याने बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

४

शनिवारी फळा काढून मी ऑफिसला नेला. दुरुस्तीला नेते, असं आईला सांगितलं. आमच्या ऑफिसात वैभव म्हणून एक मुलगा आहे, पडद्यांच्या रोगांचा डॉक्टर. त्याने तो टेबलावर घेतला आणि पूर्ण पुसायला लावला. काळा, पांढरा, काळा, पांढरा, असा चांगला दहा वेळा. सात महिन्यांच्या सोमवार-मंगळवारांची सावली गेली.

“मॅडम, हा तुम्ही उन्हात लावलाय,” तो लगेच म्हणाला. “बघा, पिवळा पडलाय.”

खरं होतं. समोरच्या दोन चाळी पाडल्यापासून समुद्राकडचं ऊन संध्याकाळी थेट आमच्या खिडकीतून आत येतं. आईच्या खाटेवरून जातं आणि दाराशेजारच्या भिंतीवर पडतं. त्या वेळी मी ऑफिसात असते, रविवारी बाजारात, त्यामुळे माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. पडदा जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा झाला होता. पण सगळा नाही. मधोमध एक भाग चांगला पांढरा राहिला होता. वर गोल, मग अरुंद, मग दोन्हीकडे उतरत गेलेला. आणि त्याच्या एका बाजूने निघून चौथ्या ओळीच्या जागेखाली एक बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा गेला होता.

वैभवने मान तिरकी करून पाहिलं. “इथे समोर कुणीतरी उभं राहतं, मॅडम. त्याच्या सावलीने एवढा भाग वाचलाय. डोकं, मान, खांदे. पण एकदा-दोनदा उभं राहून असं होत नाही. रोज, त्याच वेळी, त्याच जागी, अगदी जवळ. तुमची आई उभी राहते का?”

“आई फार तर उठून बसते.”

“मग घरी अजून कोण असतं?”

“कुणी नाही,” मी म्हणाले.

मी फळा पिशवीत घातला. वाटेत स्वतःशी हिशोबाने बोलत राहिले. खिडकीची चौकट असेल. दोरीवरचा टॉवेल असेल. टॉवेलला खांदे कुठून येणार, हे मनात आलं की मी पुन्हा चौकटीवर यायची. खोलीत शिरले तर आईने रडून डोळे सुजवले होते.

“कुठे नेलास गो फळा? तो आला नि नुसता भिंतीकडे बघत उभा राहिला. त्याला कळेना, जायचं कुठे ते.”

मी फळा जागेवर लावला. फोन हातात घेतला आणि चारही ओळी लिहिल्या. चौथीपाशी माझा अंगठा थांबला. आईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लिहून टाकली.

५

रविवारची संध्याकाळ मी मुद्दाम बाहेर काढली. सोमवारी मात्र अर्ध्या दिवसाची रजा घेतली. आईच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. साडेपाचला ऊन आत आलं. आधी आईच्या पायांवर, मग जमिनीवर, मग सहाच्या सुमाराला भिंतीवर चढलं. फळा, दाराची चौकट, खुंटीवरची माझी ओढणी, सगळं सोनेरी झालं. पॅसेजमध्ये कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

तो बंद झाला नाही. पण दूर गेल्यासारखा झाला.

फळ्यावरचं ऊन गेलं. भिंतीवर होतं, चौकटीवर होतं, ओढणीवर होतं. फक्त फळ्यावर नव्हतं. मी वळून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काही नव्हतं. खिडकी आणि फळा यांच्यामध्ये आमची आठ पावलांची जमीन होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. पुन्हा फळ्याकडे पाहिलं तर चौथ्या ओळीखाली एक बारीक काळोख सरकत होता. थांबत होता, सरकत होता.

आईने पाय आखडून घेतले.

“आई,” मी कसंबसं म्हणाले, “कोण आहे गं?”

“ओरडू नको त्याच्यावर,” आई म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, पूर्वीसारखा, मला दटावायची तसा. “दमून आलाय.”

“आई, भूषण कामावर...”

“मला ठाव आहे गो.” तिने माझा हात धरला. “हॉस्पिटलात सांगितलंस की तू. तीनदा सांगितलंस. बाकी सगळं विसरते मी, तुझं नावपण कधी कधी आठवत नाय. हे नाय विसरले. तू लपवायला लागलीस, तुझ्या जिवाला बरं वाटत होतं, म्हणून गप्प राहिले.”

सात महिने मी जिला जपत होते, तीच मला जपत होती.

“मग आता कशाला सांगतेस?”

“त्याला नाय ना ठाव.” आईचे डोळे फळ्यावर होते. “त्याला कुणी सांगितलंच नाय. घरी आणला नाय, फोटो लावला नाय, कुणी नाव काढलं नाय. वर तू रोज लिहितेस, कामावर गेलाय, संध्याकाळी येईल. तो वाचतो बिचारा. तू लिहिलंस म्हणजे खरंच असणार, असं वाटतं त्याला. सकाळी कामावर जातो नि संध्याकाळी येतो. येतो, वाचतो, नि परत जातो. रविवार नाय, सुट्टी नाय. किती राबवशील गो माझ्या लेकराला?”

फळ्यावर ऊन परत आलं. रेडिओ जवळ आला. मी स्टुलावरून खाली बसले आणि आईच्या चादरीत तोंड खुपसून, भूषण गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने रडले.

६

मंगळवारी सकाळी सात वीसला मी फळ्याला हात लावला नाही. ऑफिसला कळवलं आणि दिवसभर घरीच राहिले. राधामावशी जेवण घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, आज संध्याकाळी येऊ नकोस. ती ताट ठेवून परत गेली.

दुपारभर मी काय लिहायचं ते ठरवत होते. दुकानांसाठी हजारो पडदे लिहिलेत मी, कधी अडले नाही. आईला तीनदा सांगितलं होतं, तेव्हा शब्द आपोआप आले होते. तेव्हा मी मोठी होते आणि ती लहान झाली होती. याला सांगणं वेगळं होतं. आधी खूप लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले, किती माणसं आली होती, नायगावला कोण कोण बोललं. मग सगळं खोडलं. छोटी वाक्यं हवीत, मोठी अक्षरं हवीत, जोडाक्षरं नकोत. एका ठिकाणी टाळता आलं नाही. तारीख तर सांगायलाच हवी होती.

साडेपाचला मी आईला उठवून बसवलं, पाठीला उशी दिली, आणि म्हटलं, “आई, आता तो फडफडेल. घाबरू नकोस. पूर्ण पुसायलाच हवा.” आईने मान डोलावली. फळा काळा झाला, पांढरा झाला, काळा, पांढरा. आई टक लावून बघत राहिली. पदर वर घेतला नाही. मग अक्षरं आली.

भूषण,
तू सहा ऑगस्टला गेलास.
तुला घरी आणलं नाही. चुकलं माझं.
आता कामावर जाऊ नको.
ताई

“वाच ना मोठ्याने,” आई म्हणाली.

“नको,” मी म्हणाले. “त्यालाच वाचू दे.”

ऊन भिंतीवर चढलं. सहा वाजून दहा मिनिटांनी फळ्यावरून गेलं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, दाराबाहेर पळावं असं वाटत होतं. पण तो अभ्यासाला बसलेला असताना मी उठून गेले की पुस्तक मिटायचा. म्हणून बसून राहिले.

बारीक काळोख पहिल्या ओळीखाली आला. स्वतःच्या नावाखालून चटकन गेला. दुसऱ्या ओळीत ‘सहा’खाली थांबला आणि पुढच्या शब्दाशी अडला. अडूनच राहिला. बोट मागे गेलं, पुन्हा त्या शब्दाखाली आलं. तोंडात शब्द आला होता माझ्या. लहानपणी असा अडला की मी पट्टी आपटायची. मी ओठ घट्ट मिटले.

मग ते बोट पुढे सरकलं. ‘गेलास’खाली आलं आणि तिथून हललं नाही.

पुढच्या दोन ओळी त्याने वाचल्या की नाही, मला सांगता येणार नाही. फळ्यावर एकदम ऊन आलं, डोळ्यांवर येईल इतकं. खोलीत काहीच नव्हतं. पॅसेजमध्ये काहीच नव्हतं. मला वाटलं, संपलं.

आईने पाय आखडले. खाटेची फळी करकरली. आईने उजवा हात उचलला आणि बाजूला पसरला, लहान मुलाला कुशीत घेताना पसरतात तसा, आणि तो हात खाली आला नाही. हवेतच राहिला, तिच्या खांद्याच्या उंचीला, कशावर तरी टेकलेला. मग त्या हाताने थोपटायला सुरुवात केली.

“हो रे,” आई म्हणाली. “हो. खरंच आहे ते. ताईने खरं तेच लिहिलंय.”

मी उठले. आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, तिला चिकटून. तिचं सगळं अंग गदगदत होतं, थांबून थांबून, पसरलेल्या हाताच्या बाजूने हिसके बसल्यासारखं. मी वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. श्वास संथ होता. आई रडत नव्हती.